धावणाऱ्यामागे न धावणारा सोबती

आलेले पत्र, थोडक्यात: "दीड वर्षापूर्वी आम्ही बारामतीहून इंदापूर तालुक्यातल्या आमच्या मळ्यावर राहायला आलो. घरी सासरे, आम्ही दोघे, नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी आहे. यजमानांना घोड्यांचे वेड आहे. आमच्या पागेत सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेल्या दोन मारवाडी घोड्या आणि एक भीमथडी तट्टू आहे. शनिवारी-रविवारी आसपासची दहा-बारा मुले रपेट शिकायला येतात. आता घरात कुत्रा आणायचे ठरते आहे, पण एकमत होत नाही. सासऱ्यांना राखणीसाठी जर्मन शेफर्ड हवा आहे, यजमानांना आपल्या मातीतला कारवानी हवा आहे आणि मुलाचा ठिपक्यांच्या डाल्मेशियनसाठी हट्ट आहे. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वस्तीवरच्या एका कुत्र्याने आमच्या धाकट्या घोडीचा पाठलाग केला. ती बिथरून तारेच्या कुंपणात शिरली आणि तिच्या छातीला अकरा टाके पडले. थोरली घोडी गाभण आहे, फाल्गुनात विणार आहे. माझी मुलगी तर दिसेल त्या प्राण्याला मिठी मारायला धावते. मुले आणि घोडे या दोघांनाही मानवेल अशी जात कोणती?"

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या घरातल्या तिघांनी तीन जाती सुचवल्या आहेत. आपण मात्र एकही नाव न घेता एक प्रसंग लिहिला आहे. माझ्या मते निवडीची खरी कसोटी त्या प्रसंगात आहे. शेजारच्या वस्तीवरचा तो कुत्रा बहुधा दुष्ट नव्हता, आणि घोडीला चावण्याचा त्याचा विचारही नसेल. त्याच्यासमोर काहीतरी धावले आणि तो त्याच्या मागे धावला, एवढेच घडले. पण घोडा हा मुळातच शिकार होणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. मागे काहीतरी लागले आहे असे वाटताच पळत सुटणे हेच त्याचे संरक्षण असते, आणि तो जितका जोरात पळतो तितका कुत्र्याला चेव चढतो. लहान मुलांचेही तेच आहे. ती ओरडतात, पडतात, उठून पुन्हा धावतात. म्हणून आपल्या मळ्यावर येणाऱ्या कुत्र्याबद्दल पहिला प्रश्न असा विचारावा की त्याच्यासमोर काही धावू लागले तर तो काय करतो. तो मुलांवर प्रेम करतो का, दिसायला कसा आहे, चोराला घाबरवेल का, हे सगळे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

जातीचा विचार येतो तो इथे. कुत्रा हा लांडग्याचा वंशज आहे आणि लांडग्याच्या शिकारीत ठरलेल्या पायऱ्या असतात: सावजावर नजर रोखणे, दबा धरून पुढे सरकणे, पाठलाग करणे, पकडणे आणि शेवटी मारणे. माणसाने शेकडो वर्षे निवड करत वेगवेगळ्या जाती घडवल्या, तेव्हा यातल्या काही पायऱ्या तीव्र केल्या आणि काही पुसट केल्या. मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांमध्ये नजर, दबा आणि पाठलाग या पायऱ्या अतिशय तीव्र असतात, फक्त चावा आवरलेला असतो. नजरेने शिकार करणाऱ्या सडपातळ कुत्र्यांमध्ये पाठलाग आणि पकड यांवर भर असतो. पडलेला पक्षी उचलून आणणाऱ्या लॅब्राडोरसारख्या जातींमध्ये तोंडात वस्तू अलगद धरणे उरते. कळपाची राखण करणाऱ्या कुत्र्यांमध्ये मात्र ही सगळी साखळी जवळजवळ झोपी गेलेली असते. जातीचे नाव ऐकल्यावर तिच्याकडून पिढ्यानपिढ्या कोणते काम करून घेतले गेले हे पाहिले, की निम्मे उत्तर मिळते. उरलेले निम्मे त्या विशिष्ट कुत्र्याला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मिळत नाही.

आता घरातली तिन्ही मते एकेक करून पाहू.

सासऱ्यांची राखणीची काळजी रास्त आहे. मळ्यावरचे घर, रात्रीचा अंधार आणि पागेत मोलाची जनावरे असताना त्यांनी तसे म्हणणे स्वाभाविक आहे. परंतु जर्मन शेफर्ड ही नावाप्रमाणे मुळात मेंढपाळाची जात आहे. पिकात मेंढ्या शिरू नयेत म्हणून शेताच्या कडेने दिवसभर फेऱ्या मारत जिवंत कुंपण बनणे हे तिचे मूळ काम होते. अशा कुत्र्याला रिंगणात गोल फिरणारा घोडा दिसला की तोही बाहेरून गोल धावू लागतो, आणि थोड्याच दिवसांत घोड्याच्या टाचांकडे झेपावू लागतो. दुसरी अडचण अशी की आपल्याकडे दर आठवड्याला दहा-बारा परकी मुले येतात, आणि जो कुत्रा परक्याला रोखण्यासाठी आणला त्याने शनिवारी सकाळी परक्यांना ओळखीचे मानावे ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. हीच गोष्ट डॉबरमन आणि रॉटवायलर यांनाही लागू पडते. अनुभवी, रोज दोन तास देऊ शकणाऱ्या माणसाच्या हाती जर्मन शेफर्ड उत्तम सोबती ठरतो यात शंका नाही. पण चार वर्षांची मुलगी, गाभण घोडी आणि आठवड्याची वर्दळ असलेले घर ही त्याच्यासाठी सोपी जागा नाही.

यजमानांच्या कारवानीबद्दल मला मनापासून आदर आहे. मराठवाडा, सोलापूर आणि कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावांनी ही जात कोणत्याही कागदोपत्री नोंदीविना जपली, आणि तिचेच मुधोळ हे नाव तिथल्या घोरपडे संस्थानिकांमुळे देशभर पोहोचले. उन्हाला टिकणारा, कमी खाणारा, स्वच्छ राहणारा हा कुत्रा आपल्या हवामानासाठीच घडला आहे. तरीही तो ससा दिसताच सुटणारा शिकारी आहे, आणि एकदा सुटला की मालकाची हाक त्याच्या कानांपर्यंत पोहोचत नाही. शिवाय परक्यांनी अंगाला हात लावणे त्याला सहसा आवडत नाही. मिठी मारायला धावणाऱ्या मुलीपासून तो आधी अंग चोरून दूर जाईल, आणि दूर जायला जागा उरली नाही तर दात दाखवेल. पागेतच जन्मलेले, घोड्यांच्या पायांत वाढलेले कारवानी पिल्लू मिळाले तर गोष्ट वेगळी होऊ शकते. तसे नसेल तर मुलगी आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत यजमानांनी थोडे थांबावे, असे मी त्यांना सुचवेन.

आपल्या मुलाची निवड वरवर बालिश वाटली तरी तिघांत घोड्यांच्या सर्वांत जवळची तीच आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत डाल्मेशियन कुत्रे घोडागाड्यांबरोबर धावत असत. काही तर गाडीच्या आसाखाली, घोड्यांच्या मागच्या पायांजवळून मैलोन्‌मैल जात, आणि मुक्कामावर घोड्यांची व सामानाची राखण करत. घोड्याची सोबत या जातीच्या रक्तात आहे असे म्हणतात ते यामुळे. पण दोन गोष्टी त्याला समजावून सांगाव्या लागतील. एक म्हणजे ज्या कुत्र्याला दिवसाला कित्येक मैल धावण्यासाठी घडवले तो धावायला मिळाले नाही तर घर उकरून काढतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या जातीत बहिरेपणा आनुवंशिक असून तो एका किंवा दोन्ही कानांत असू शकतो, आणि निळ्या डोळ्यांच्या पिल्लांत त्याचे प्रमाण जास्त आढळते. एका कानाने बहिरे असलेले पिल्लू घरगुती वातावरणात टाळी वाजवून ओळखता येत नाही, कारण दुसऱ्या कानाने ते ऐकत असते; त्यासाठी मेंदूपर्यंत आवाज पोहोचतो का हे मोजणारी यंत्रावरची तपासणीच लागते. ज्या अंगणात "बाजूला हो" हा एक शब्द कुत्र्याचा जबडा घोड्याच्या लाथेपासून वाचवू शकतो, तिथे न ऐकणारा कुत्रा आणणे मला पटत नाही. शिवाय या जातीच्या शरीरात युरिक आम्लाचे विघटन नीट होत नसल्याने मूत्रमार्गात खडे होण्याची प्रवृत्ती असते, आणि त्यासाठी आहार व पाणी यांकडे जन्मभर लक्ष द्यावे लागते. आपल्या मुलाला एक गंमत मात्र जरूर सांगावी, की डाल्मेशियनची पिल्ले जन्मतात तेव्हा पांढरीशुभ्र असतात आणि ठिपके नंतर उमटतात.

परदेशी पागांच्या छायाचित्रांत बॉर्डर कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड असे देखणे कुत्रे दिसतात, म्हणून कोणी ती नावे सुचवली तर ती बाजूला ठेवावीत. त्या मेंढ्या वळवणाऱ्या जाती आहेत. वळवायला मेंढ्या नसल्या की त्या मुलांना आणि घोड्यांना वळवतात. शिवाय घोड्यांना जंतासाठी दिले जाणारे आयव्हरमेक्टिन त्यांच्यातल्या काही कुत्र्यांना, विशेषतः ऑस्ट्रेलियन शेफर्डांतल्या बऱ्याच जणांना, एका आनुवंशिक दोषामुळे, विषासारखे बाधते. पगसारख्या चपट्या नाकाच्या जाती आणि हस्कीसारख्या दाट केसांच्या जाती इंदापूरच्या वैशाखात आणणे हा त्या जिवांचा छळ आहे. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

मग काय आणावे? त्याआधी मी पाहिलेले एक दृश्य सांगतो, कारण माझे मत त्यातून बनले आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर, फलटणकडून कोकणाच्या वाटेला लागलेल्या एका धनगर वाड्यावर मी मेंढ्या तपासायला गेलो होतो. संध्याकाळी बिऱ्हाड उतरले होते. ज्या घोडीच्या पाठीवर भांडीकुंडी, कोंबड्यांची डालगी आणि त्यांच्यावर एक लेकरू असा सगळा संसार दिवसभर चालत आला होता, तिला पुढच्या पायांत दावे घालून मोकळे सोडले होते. तिच्या मागच्या टापांपासून दोन हातांवर एक भुरकट कुत्री पडली होती, आणि दोनेक वर्षांचे एक मूल तिच्या पाठीवर रेलून चपलेचा अंगठा चघळत होते. घोडीने माशी हाकलायला पाय आपटला. कुत्री उठली नाही, भुंकली नाही; तिने डोळे उघडले, टापेकडे पाहिले आणि बसल्या जागीच वीतभर मागे सरकली. मूल जरासे कलंडले आणि पुन्हा रेलले. तासाभराने ओढ्याच्या बाजूने परका कुत्रा आला तेव्हा तीच कुत्री एका झेपेत उठून मेंढ्यांच्या आणि त्याच्यामध्ये जाऊन उभी राहिली. आपल्याकडच्या देवघरांतल्या खंडोबाच्या टाकावर घोडा असतो आणि घोड्याच्या पायांशी कुत्रा असतो. त्या संध्याकाळी मला तो टाक आठवला.

या कुत्रीत चमत्कार काही नव्हता. ती त्या वाड्यावरच जन्मली होती, डोळे उघडले तेव्हापासून टापा आणि लेकरे पाहत होती. शिवाय जी पिल्ले कोकरांच्या किंवा घोड्यांच्या मागे लागतात ती कोणताच धनगर ठेवत नाही, आणि ही निवड कित्येक पिढ्या चालत आलेली आहे. लांडग्याला अडवणारा अस्सल धनगरी कुत्रा परक्यांच्या बाबतीत फार सावध असतो. त्यामुळे मुलांची वर्दळ असलेल्या घरी तोच आणावा असे मी म्हणणार नाही. पण त्या कुत्रीचे जे गुण मी पाहिले ते आपल्या गावठी कुत्र्यांत भरपूर सापडतात.

म्हणून माझी पहिली शिफारस अशी आहे: साधारण दीड ते तीन वर्षे वयाची, नसबंदी झालेली, स्वभावाने शांत अशी गावठी कुत्री आणावी. पिल्लू आणू नये. पिल्लाचा स्वभाव हा अंदाज असतो, मोठ्या कुत्रीचा स्वभाव समोर दिसतो. आखूड केसांमुळे तिला ऊन सोसते, गोचीड चटकन दिसतात, वजन साधारण पंधरा ते वीस किलो असल्याने ती मुलीला सहजासहजी पाडणार नाही, आणि रात्री कुंपणाशी कोणी आले की ती सगळ्या वस्तीला जाग आणील. राखण म्हणजे चावणे नव्हे, वेळेवर जाग देणे होय, एवढे सासऱ्यांना पटले तर त्यांचीही इच्छा पूर्ण होते. रस्त्यावरच्या ज्या कुत्र्यांची नसबंदी झालेली असते त्यांच्या कानाला खाच मारलेली असते, त्यामुळे ओळखणे सोपे जाते. पुण्याच्या प्राणी-आश्रयस्थानांत अशा कुत्र्या असतात, आणि कित्येकदा बाजारपेठेतल्या एखाद्या दुकानाच्या पायरीवर, शाळा सुटल्यावरच्या गोंगाटात निवांत झोपलेली कुत्री हीच आपण शोधत असलेली कुत्री असते.

घरात जातिवंत कुत्राच हवा असा आग्रह राहिला तर माझी दुसरी शिफारस लॅब्राडोर मादीची आहे, आणि तीही शक्यतो मोठी झालेली, कोणाला तरी नाइलाजाने द्यावी लागणारी. लॅब्राडोरचा पाठलागाचा जोर मर्यादित असतो आणि मुलांचे हात तो सहन करतो. मात्र पहिली दोन वर्षे तो दांडगाई करतो, आणि त्याची खादाड वृत्ती पागेत धोक्याची असते. चंदीची, म्हणजे घोड्यांच्या दाण्याची, पेटी, उंदरांसाठी ठेवलेले विष, यांतले काहीही तो सोडत नाही. उन्हाळ्यात त्याला सकाळी लवकर आणि दिवस मावळल्यावरच फिरवावे लागेल. पिल्लूच घ्यायचे झाले तर २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. तेवढे तपासावे, आणि पिल्लाच्या आईला भेटल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आई पाहुण्यांवर गुरगुरत असेल तर पिल्लू कितीही गोंडस असले तरी परत फिरावे.

कुत्री पसंत करताना पुढील परीक्षा जरूर घ्यावी. तिला लांब दोरीने धरून उभे राहावे आणि तीसेक पावलांवरून एखाद्या मोठ्या माणसाला सायकलवरून जाऊ द्यावे, नंतर मोठ्या मुलाला धावायला सांगावे, आणि सगळ्यांत शेवटी दुरून चाललेला घोडा तिला दाखवावा. तिने बघणे, कान टवकारणे, एकदा भुंकणे यांत काही गैर नाही. आपण नाव घेतल्यावर ती नजर काढून आपल्याकडे वळते का, ते पाहावे. अंग ताठ होणे, तोंड मिटणे, एक पुढचा पाय अधांतरी उचलून स्तब्ध राहणे आणि हाकेला कानाचे टोकही न हलणे ही शिकारीच्या त्या साखळीची पहिली कडी आहे. अशी कुत्री घरात कितीही गरीब वाटली तरी ती आपल्या पागेसाठी नाही.

आता वेळेबद्दल, कारण फाल्गुन फार दूर नाही. आपले पत्र कार्तिकात लिहिलेले आहे. मोठी कुत्री आत्ता आणली तर घोडी विण्यापूर्वी ओळखीला तीन-चार महिने मिळतात, आणि तेवढे पुरेसे आहेत. दोन महिन्यांचे पिल्लू आत्ता आणले तर ऐन विण्याच्या वेळी ते सहा महिन्यांचे, म्हणजे सगळ्यांत अनावर वयाचे असेल. मार्गशीर्षापर्यंत योग्य कुत्री मिळाली नाही, तर शिंगरू दोन-तीन महिन्यांचे होईपर्यंत थांबावे. नुकतीच व्यालेली घोडी एरवी कितीही शहाणी असली तरी शिंगराजवळ कुत्रे आलेले सहन करत नाही, आणि वारेच्या, म्हणजे शिंगरामागोमाग पडणाऱ्या पिशवीच्या, वासाने कुत्रे हटकून तिथे येते. विण्याच्या रात्री कुत्री घरात बंद ठेवावी, वार पडताच पशुवैद्यकाला दाखवावी आणि मग खोल खड्ड्यात पुरावी.

ओळख करून देण्याची सुरुवात तट्टापासून करावी. आपले भीमथडी तट्टू कदाचित धनगरांच्या वाड्यावरच वाढलेले असेल; तसे असेल तर कुत्र्याची सोबत त्याला जुनीच आहे. पहिला आठवडा कुत्री कुंपणाच्या बाहेर, दोरीवर, आणि तट्टू आत चरत असावे. कुत्री बसून राहिली, दुसरीकडे पाहू लागली, जांभई देऊन आडवी झाली की तिला खाऊ द्यावा. घोड्याकडे दुर्लक्ष करणे हे फायद्याचे काम आहे, हे तिला कळले पाहिजे. दुसऱ्या आठवड्यात एकाने तट्टाचे मोरखे धरावे, दुसऱ्याने कुत्रीची दोरी धरावी आणि दोघांनी दहा पावलांचे अंतर राखून बरोबरीने चालावे. कुत्री घोड्याच्या मागून कधीही येऊ देऊ नये. घोड्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, पण थेट शेपटीमागचे आणि नाकासमोरचे थोडे दिसत नाही. मागून आलेली चाहूल त्याच्यासाठी फक्त भीती असते आणि तिचे उत्तर लाथ असते. लहान मुलांना बसवण्याइतक्या शांत घोडीच्या लाथेने जबडा तुटलेले पाच महिन्यांचे लॅब्राडोर पिल्लू मी सहा आठवडे जबडा तारेने बांधून सांभाळले आहे, आणि त्यात त्या घोडीचा काडीचाही दोष नव्हता.

जखमी झालेल्या धाकट्या घोडीची पाळी सगळ्यांत शेवटी आणावी. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे लागते, हे घोड्यांच्या बाबतीत फार खरे आहे. त्यांची आठवण दीर्घ असते. तिला खरारा करताना, म्हणजे ती सर्वांत निवांत असताना, कुत्री पंचवीस पावलांवर नुसती बसलेली असावी. घोडीचे कान मागे पडले, नाकपुड्या फुलल्या किंवा मान ताठ झाली तर अंतर वाढवावे. मान खाली येऊन ती ओठ चाळवू लागली तर दुसऱ्या दिवशी दोन पावले जवळ यावे. याला महिना लागेल. लागू द्यावा. आणि ती काटेरी तार शक्य तितक्या लवकर काढून तिथे लाकडी किंवा पाइपचे आडवे कठडे घालावेत. कारण पुढच्या वेळी निमित्त कुत्र्याचे नसून फटाक्याचे असू शकेल.

रपेटीच्या वेळी कुत्री रिंगणाजवळ नसावी, कितीही शिकलेली असली तरी नसावी. शिकाऊ मूल घोड्यावर असताना जोखीम घेण्यासारखे काहीही नसते. त्या दोन तासांसाठी सावलीतली, पाणी असलेली एक बंद जागा तिच्यासाठी करावी. इतर वेळी मात्र तिला साखळीला बांधून ठेवू नये. बांधलेला कुत्रा चिडका होतो आणि मुलांना पहिला चावा बहुधा तोच घेतो.

मुलीबद्दल मी थोडे कठोर लिहितो, त्याबद्दल राग मानू नये. कोणत्याही जातीचा, कितीही प्रेमळ कुत्रा असला तरी चार वर्षांच्या मुलीला त्याच्याबरोबर एकटे सोडू नये. आपण पोळ्या लाटायला आत जाता त्या पाच मिनिटांसाठीही सोडू नये. बहुतेक कुत्र्यांना मिठी आवडत नाही, ते ती सोसतात, आणि सोसण्याला शेवट असतो. ओठ चाटणे, तोंड फिरवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे ही त्यांची विनवणी असते. ही विनवणी मोठ्यांनी ओळखावी, मुलीला शिकवायच्या गोष्टी तीनच ठेवाव्यात: खाताना कुत्रीजवळ जायचे नाही, झोपलेली असताना हात लावायचा नाही, आणि ती अंगावर आली तर झाडासारखे हात दुमडून उभे राहायचे. मिठीऐवजी हाक मारून कुत्रीला जवळ बोलावणे आणि छातीवर खाजवणे हा खेळ तिला शिकवावा. कुत्री आली नाही तर तिची इच्छा नाही, हे समजायला चार वर्षांचे वय पुरेसे असते. नऊ वर्षांच्या मुलाला रोजच्या प्रशिक्षणाची जबाबदारी द्यावी. दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटे, "थांब", "इकडे ये" आणि "जागेवर जा" हे तीन शब्द त्याने शिकवावेत, आणि घरातल्या सगळ्यांनी नेमके तेच शब्द वापरावेत.

औषधांचे थोडे सांगितले पाहिजे, कारण घोडे आणि कुत्रे एकत्र असलेल्या घरी चुका इथेच होतात. कुत्रीचे रेबीजचे लसीकरण दरवर्षी न चुकता करावे, आणि रेबीज घोड्यांनाही होत असल्याने त्यांच्या लसीबद्दल आपल्या पशुवैद्यकाशी बोलावे. कुत्रीचा किंवा इतर कोणाचा दात मुलांना लागला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे; कुत्री घरची आहे, लस झालेली आहे, म्हणून थांबू नये. घोड्यांना जंताचे औषध देताना तोंडातून सांडलेली पेस्ट आणि त्यानंतरच्या काही दिवसांची लीद कुत्रीच्या तोंडी लागू देऊ नये, कारण घोड्याची मात्रा कुत्र्याच्या मानाने फार मोठी असते. उलट बाजूने, गोचिडांसाठी कुत्र्यांवर वापरले जाणारे अमिट्राझ घोड्यांच्या अंगावर कधीही लावू नये. त्याने आतड्यांची हालचाल मंदावते आणि पोटशूळ उठतो. नालबंद येतो त्या दिवशी खुरांच्या तासण्यांवर कुत्री तुटून पडेल. थोड्या खाल्ल्याने सहसा काही होत नाही, पण त्यांत एखादा तुटका खिळा असू शकतो, म्हणून आधी झाडून घ्यावे.

आपल्या मुलाचा हिरमोड होईल, याची मला कल्पना आहे. कुत्री पाहायला जाताना त्याला बरोबर न्यावे, सायकलच्या परीक्षेची नोंद त्याच्या वहीत त्यालाच करू द्यावी, आणि दोन कुत्र्या सारख्याच चांगल्या ठरल्या तर अंतिम निवड त्याच्यावर सोपवावी. गावठी कुत्र्यांतही पांढऱ्या अंगावर काळे-तांबडे ठिपके असलेल्या पुष्कळ असतात.